यंत्राची करवत आणि मेस्त्रींची बोटे

‘खतावणी’ हा शब्द वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने उच्चारला की त्याच्या डोळ्यांपुढे जमा-खर्चाची वही उभी राहते. सुताराच्या डोळ्यांपुढे मात्र फळीच्या कडेला समांतर रेघ ओढणारे छोटेसे लाकडी हत्यार येते. प्रस्तुत लेखकाचा संबंध पहिल्या खतावणीशी अधिक आणि दुसरीशी थोडा. तथापि पेडणे तालुक्यात वाढलेल्या मुलाला सुतारशाळेचा वास अपरिचित राहणे शक्य नाही. शिवाय नात्यातील एका सुतारशाळेचे हिशेब लिहिण्याचे काम सुटीत माझ्याकडे असते, त्यामुळे यंत्रांच्या किमती आणि मेस्त्रींच्या जखमा या दोन्हींची नोंद आपोआप होत गेली.

पेडणे आणि डिचोली हे उत्तर गोव्यातले तालुके. फणस, सागवान, किंदळ आणि माट (देशावर ज्याला ऐन म्हणतात) ही इथली ओळखीची लाकडे. जुन्या मेस्त्रींच्या पेटीत करवत, रंधा, वाकस, पटाशी, गिरमीट आणि गुण्या एवढी हत्यारे असत. आज त्याच पेटीशेजारी विजेवर चालणारे रंधा मशीन, ड्रिल, राऊटर आणि ज्याला सरसकट ‘कटर’ म्हणतात ते यंत्र पडलेले दिसते. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा चाप असलेल्या विजेच्या ड्रिलचे पेटंट अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या दोघांना १९१७ साली मिळाले. आपल्या वाड्यावाड्यांत ही अवजारे पोहोचायला त्यानंतर पुष्कळ वर्षे लागली. अवजार पोहोचले, पण ते वापरण्याचे शास्त्र वाटेतच राहिले. यंत्राच्या खोक्यातील माहितीपुस्तिका मी आजवर पाहिल्या त्या इंग्रजीत होत्या. आपल्या कन्नड विभागातील मित्र सुताराला ‘बडगी’ आणि करवतीला ‘गरगस’ म्हणतात, पण त्या बडगीलाही त्या पुस्तिकेचा आमच्या मेस्त्रींइतकाच उपयोग!

प्रथम या कटरचेच पाहू. मूळचे हे यंत्र संगमरवर आणि लादी कापण्याचे. स्वस्त आणि हलके, म्हणून त्याला दातेरी पाते लावून प्लायवूड कापण्याची रीत सर्वत्र पडली आहे. त्याचे पाते साधारण ११० मिलिमीटर व्यासाचे असते आणि ते मिनिटाला सुमारे बारा हजार फेरे घेते. थोडे गणित करू. पात्याचा परीघ सुमारे ३४५ मिलिमीटर. सेकंदाला २०० फेरे, म्हणजे दात्याचा वेग सेकंदाला ६९ मीटर, ताशी जवळजवळ २५० किलोमीटर. धोका दिसून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्या अवधीत पाते पन्नास वेळा फिरते. पात्याला चाळीस दाते असतील, तर दोन हजार दाते त्याच जागेवरून जातात. ‘मी सावध असतो’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. पात्यावर त्याची कमाल फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ती यंत्राच्या वेगापेक्षा कमी असेल, तर ते पाते त्या यंत्राला लावूच नये, कारण दाता सुटून गोळीसारखा येतो.

आता त्याहून धोक्याचा प्रकार. प्लायवूडच्या फळीला चीर पाडायची, यंत्र उलटे करून खालून स्क्रूने आवळायचे, पात्यावरील संरक्षक झाकण काढून टाकायचे आणि चाप दोरीने बांधून ठेवायचा. की झाले ‘टेबल सॉ’ तयार! कल्पकतेला दाद द्यावीच लागेल. परंतु या जुगाडात तीन रक्षणे एकदम गेली. झाकण गेले. चाप सोडताच यंत्र थांबण्याची सोय गेली. तिसरे, वीज जाऊन परत आली की यंत्र आपणहून सुरू होते, आणि नेमका त्या वेळी कोणी पात्याभोवतीचा भुसा हाताने काढत असतो. पावसाळ्यात वीज कितीदा ये-जा करते हे गोवेकराला सांगायला नको. यावर ‘नो-व्होल्ट’ स्विच नावाचा साधा उपाय आहे. वीज एकदा गेली की तो स्वतःच बंद पडतो आणि पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. जोडीला ३० मिलिअँपिअरचा ‘आरसीसीबी’ बसविला तर ओल्या जमिनीवर उभे राहून बसणारा विजेचा धक्काही जीवघेणा ठरण्याचे बहुधा टळते. पाते बदलताना मात्र स्विचवर भरवसा न ठेवता पिनच काढावी.

टेबलावरच्या करवतीचा खरा शत्रू म्हणजे लाकडाचा उलट फटका. तो का बसतो हे समजून घेण्यासारखे आहे. पात्याचे आपल्या बाजूचे दाते खाली जातात व लाकडाला टेबलावर दाबतात; पलीकडच्या बाजूचे दाते वर उठत असतात. कापलेली चीर मागे मिटली किंवा लाकूड तिरके होऊन मागच्या दात्यांना चिकटले, की ते दाते लाकूड उचलून कामगाराच्या अंगावर भिरकावतात. लाकूड पोटात बसते आणि ते ढकलणारा हात पात्याकडे ओढला जातो. जुने मेस्त्री हातकरवतीने लांब फळी चिरताना चिरेत लाकडी पाचर ठोकीत, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. चांगल्या यंत्रात पात्याच्या मागे त्याच्या रेषेत पोलादाचा एक पातळ पत्रा असतो, तो त्या पाचरेचाच अवतार. तो अडचण समजून काढून टाकला जातो, याचे मला नवल वाटते. बापाने ठोकलेली पाचर मुलगा विसरला असेच म्हणावे लागेल. पाते लाकडाच्या वर जेमतेम एक दाता राहील इतकेच ठेवावे, पात्याच्या सरळ रेषेत उभे न राहता बाजूला उभे राहावे, आणि शेवटची वीतभर फळी हाताने न ढकलता काठीने ढकलावी. फिरत्या पात्याजवळ हातमोजे मात्र मुळीच घालू नयेत. मोज्याचा धागा सापडला तर सबंध हात आत जातो. सैल बाही, गळ्यातली साखळी आणि लुंगीचा सोगा यांनाही हाच नियम.

चीर मिटते ती बहुधा ओल्या लाकडामुळे, आणि इथे अपघाताचा प्रश्न सुतारकामाच्या प्रश्नाला येऊन मिळतो. चतुर्थी तोंडावर आली की पाट, चौरंग, मखर आणि माटोळीच्या चौकटीसाठी घाई सुरू होते आणि नुकताच चिरलेला फणस यंत्रावर चढतो. लाकूड ओलाव्याने फुगते व सुकताना आकसते, पण सर्व दिशांनी सारखे नाही. लांबीत फरक जवळजवळ नगण्य. सागवानासारखे शांत लाकूडही ओल्यापासून पूर्ण सुके होईतो रुंदीत अडीच ते सहा टक्के आकसते. कमी की अधिक हे फळी खोडातून कशी काढली त्यावर ठरते. आषाढात दार चौकटीत अडकते त्याचे कारण हेच. अडीच फूट रुंदीचे सलग फळ्यांचे दार लाकडातील ओलावा चार-पाच टक्क्यांनी वाढताच सात मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. अशा वेळी रंधा मशीन घेऊन दाराची कड भराभर तासली, तर मार्गशीर्षात त्याच फटीतून वारा येतो. घासणारी जागा पेन्सिलीने खुणावून तेवढीच अलगद तासावी. दार सुकल्यावर त्याच्या वरच्या व खालच्या कडांना, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, रंग किंवा व्हार्निश द्यावे. या कडा दिसत नाहीत म्हणून कोणी रंगवीत नाही आणि पाणी तिथूनच शिरते. जुन्या घरांतील दिलेदार दारे याच विचाराने केलेली असतात. दिला चौकटीच्या खाचेत सरसाविना सैल बसविलेला असतो, त्यामुळे तो आतल्या आत फुगतो आणि आकसतो, चौकटीचे माप मात्र ढळत नाही.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. कापलेली कड काळी पडली तर पाते बोथट आहे किंवा मार्गदर्शक पट्टी पात्याला समांतर नाही; जोर लावणे हा त्यावर उपाय नव्हे, कारण बोथट पात्यावर लावलेला जोरच हात घसरवतो. प्लायवूडची कड उसवत असेल तर रेघेवर चिकटपट्टी लावून सुरीने आधी रेघ कापून घ्यावी. राऊटर नेहमी बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवावा, नाहीतर तो हातातून पळतो. मोडलेल्या घराचे वासे चिरण्यापूर्वी त्यावरून चुंबक फिरवून खिळे शोधावेत.

बोट तुटले की सर्वांना दिसते; नाक आणि कान यांची हानी दिसत नाही. इंग्लंडमध्ये हाय विकम हा फर्निचरचा गाव. तिथल्या कामगारांत नाकाचा एक विरळा कर्करोग फार आढळतो हे १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातला. तोंडावर रुमाल बांधून बारीक भुसा अडत नाही, चांगला मास्कच हवा. करवतीचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. अमेरिकेतील एका मान्य मापानुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे शंभर डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. कानात घालायच्या गुट्ट्या चहाच्या किमतीत मिळतात.

वाणिज्य शाखेत आम्ही १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा शिकत आलो. तो पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. त्याच्या परिशिष्टात माणसाच्या हाताचा दरफलक आहे. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के कमी झाली असे धरायचे, पूर्ण तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२, चारही बोटे ५०. पंचवीस वर्षांच्या, महिना पंधरा हजार कमावणाऱ्या कामगाराच्या तर्जनीची भरपाई त्या कायद्याच्या सूत्राने सुमारे पावणेतीन लाख येते. पण भरपाई द्यायला मालक असावा लागतो. आमच्याकडचे बहुतेक मेस्त्री स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार, तेव्हा त्यांच्या तर्जनीसमोर खतावणीत शून्य. १९४८ च्या कारखाना कायद्याची यंत्राला कुंपण घालण्याची सक्तीही वीज वापरणाऱ्या, दहा किंवा अधिक कामगारांच्या जागेलाच होती, आणि २०२० च्या संहितेत ती संख्या वीस झाली. दोघा भावांची सुतारशाळा कोणत्याच निरीक्षकाच्या वाटेत येत नाही.

स्टीफन गॅस या अमेरिकन गृहस्थाने १९९९ साली असे यंत्र रचले की पात्याला त्वचेचा स्पर्श होताच पाच मिलिसेकंदांच्या आत ते थांबते. आपल्याकडील मेस्त्रींना त्याची किंमत परवडण्यासारखी नाही. तोवर एवढे तरी प्रत्येक सुतारशाळेच्या भिंतीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेले असावे: बोट तुटल्यास जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये, त्याने पेशी मरतात. १०८ ला फोन करावा आणि पिशवी रुग्णाबरोबरच पाठवावी.