गेट पडल्यावर

शाळेच्या वेळेला गेट पडलं की मोटारी थांबतात, माणसं थांबत नाहीत. परभणीहून गंगाखेडमार्गे परळीकडे जाणाऱ्या रुळावरच्या एखाद्या गेटपाशी सकाळी उभं राहून पाहावं. पोरं सायकल आडवी करून दांड्याखालून सरकवतात, मागून दप्तर, मग स्वतः. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला तेवढं वाकता येत नाही. ती दांड्याच्या टोकाला वळसा घालून खडीवरून जाते. "मामा, एक मिन्ट उघडा की!" ही गेटमनला विनवणी रोजचीच. पण इंटरलॉक गेटवर गेट बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, आणि सिग्नल दिल्यावर मामांनी ठरवलं तरी दांडा सहजी वर जात नाही.

उघडल्यावरचा धोका वेगळाच. रस्त्यावर रुळाच्या आतल्या अंगाला आणखी एक रूळ बसवलेला असतो आणि दोहोंमध्ये गाडीच्या चाकाची कड जाण्यापुरती, पाच-साडेपाच सेंटिमीटरची फट. मोटारीला ती जाणवतही नाही. सायकलचं चाक तिरकं आलं की अलगद आत उतरतं. रूळ काटकोनात ओलांडावा हे सायकलवाल्याला कळतं, पण दोन्हीकडच्या मोटारसायकली रस्ताभर पसरून एकदम सुटतात आणि तो कडेला रेटला जातो. नेमके तिथलेच रस्त्याचे ब्लॉक खचलेले. ते कडेपर्यंत सपाट बसवणं आणि चालणाऱ्यांसाठी हातभर वेगळी पट्टी आखणं, एवढंही बऱ्याच गेटांवर झालेलं नसतं.

पूर्णेच्या बाजूला, परभणी–मुदखेड दुहेरी मार्गावर, आणखी एक सापळा आहे. एक गाडी गेली की लोक पाऊल टाकतात. दुसऱ्या रुळावरची गाडी तिच्याआड दडलेली असते.

मग पूल का नाही? रेल्वेचा हिशेब असा: चोवीस तासांतल्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. गुणाकार 1 लाखावर गेला की उड्डाणपुलाचा विचार होतो. 40 गाड्या आणि 2,500 वाहनं, झाले लाख. त्यात बैलगाडी एक धरतात, ऑटोरिक्षा अर्धी. पायी चालणाऱ्याला कोष्टकात जागाच नाही. पाटीवाली बाई दिवसातून चारदा रूळ ओलांडो, गुणाकार तसूभर हलत नाही.

आणि पूल झाला तरी तो तिच्यासाठी नसतोच. पूल सुरू झाला की खालचं गेट बंद करतात. पलीकडच्या दुकानात जायला लांबलचक चढ चढून कोण जाईल? माणसं जुन्याच जागी रूळ ओलांडतात, फक्त आता तिथे दांडा नसतो, गेटमन नसतो, शिट्टी नसते. देशभरातली ब्रॉडगेजवरची विनागेटमन फाटकं जानेवारी 2019 अखेर संपवली, हे काम मोठंच झालं. पण पुलाखालच्या या पायवाटा फाटकांच्या यादीत कधी येतच नाहीत.

मला पुलापेक्षा भुयारी मार्ग बरा वाटतो, पण मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात त्याचं तळं होतं. पंप असतो; वीज गेली की तोही गप्प. म्हणून वाहनांच्या रस्त्यापेक्षा कमरेइतका उंच, कठड्याचा वेगळा पायमार्ग आराखड्यातच मागून घ्यावा लागतो. त्याला पायऱ्या असतील तर कडेने सायकल ढकलत न्यायला सिमेंटची पन्हळ हवी. ओतकाम झाल्यावर ती कुणी करून देत नाही.