थांबायचे कधी, हे कुत्रा ठरवत नाही

कडाक्याच्या थंडीत शिकारी कुत्र्यांना होणाऱ्या इजा, त्यांची लक्षणे आणि त्या टाळण्याचे उपाय

अमेरिकेतील मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांच्या सीमेवरून मिसिसिपी नदी वाहते. नोव्हेंबरच्या अखेरीस तिच्या काठच्या पाणथळ जागांवर बर्फाची पातळ साय धरू लागते. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेले बदकांचे थवे याच मार्गाने जातात आणि त्यांच्या प्रतीक्षेत परवानाधारक शिकारी पहाटेच्या अंधारात लव्हाळ्यांमध्ये लपण उभारून बसलेले असतात. बंदुकीचा बार होतो, बदक पाण्यात पडते आणि मालकाच्या एका शब्दासरशी शेजारी बसलेला लॅब्रॅडॉर जवळपास गोठणबिंदूला पोहोचलेल्या पाण्यात झेप घेतो. बदक अलगद तोंडात धरून तो परततो, ते मालकाच्या हाती देतो, अंग झाडतो आणि पुन्हा आकाशाकडे नजर लावून बसतो. एका सकाळी हे अनेकदा घडते.

पाहणाऱ्याला कुत्र्याचा हा उत्साह थक्क करतो. मात्र धोक्याचे मूळही त्या उत्साहातच आहे. पडलेला पक्षी आणून देणाऱ्या रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांची पैदास पिढ्यान् पिढ्या एकाच गुणासाठी झाली आहे. कितीही त्रास झाला तरी काम अर्धवट सोडायचे नाही, हा तो गुण. त्यात प्रशिक्षणाची भर पडते. थंडी असह्य झाली की घरचे कुत्रे दाराशी जाऊन उभे राहते. कामावरचे कुत्रे पुढच्या आज्ञेची वाट पाहते. त्यामुळे त्याच्या शरीराची मर्यादा ओळखण्याची जबाबदारी पूर्णपणे मालकावर येऊन पडते.

पाणी आणि वाऱ्याचे गणित

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणतः ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे माणसापेक्षा थोडे अधिक. ही ऊब राखण्याचे काम केसांचे दोन थर करतात. आतील थर मऊ आणि दाट असतो व त्यात हवा अडकून राहते. वरचा थर राठ, किंचित तेलकट असतो आणि तो पाणी आत शिरू देत नाही. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर मच्छीमारांबरोबर थंड समुद्रात काम करीत. चेसापीक बे रिट्रीव्हर ही जात १८०७ मध्ये मेरीलँडच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या जहाजावरून वाचवलेल्या दोन पिल्लांपासून विकसित झाल्याचे मानले जाते. या दोन्ही जातींचे अंग थंड पाण्यासाठीच घडले आहे. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरसारख्या आखूड केसांच्या सडपातळ कुत्र्यांना मात्र हे कवच तुटपुंजे मिळाले आहे.

कवच जाड असले तरी ते अभेद्य नसते. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातील उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. आतील थरापर्यंत पाणी पोहोचले की त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि कुत्रा जणू ओले कापड पांघरून वाऱ्यात बसतो. वाऱ्याचा परिणामही कमी लेखण्यासारखा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या कोष्टकानुसार, तापमान उणे १८ अंश असताना ताशी २४ किलोमीटर वेगाचा वारा वाहत असेल तर माणसाच्या उघड्या त्वचेला ती थंडी उणे २८ अंशांइतकी जाणवते आणि अर्ध्या तासात त्वचा गोठू शकते. हे कोष्टक माणसाच्या चेहऱ्यासाठी आहे; परंतु कुत्र्याच्या कानांची टोके आणि पोटाखालचा विरळ केसांचा भाग यांनाही वाऱ्याची अशीच झळ बसते.

अवज्ञा नव्हे, आजार

शरीर जितकी उष्णता निर्माण करते त्याहून अधिक गमावू लागले की तापमान उतरू लागते. या अवस्थेला वैद्यकीय परिभाषेत हायपोथर्मिया म्हणतात. तापमान ३७ ते ३२ अंशांच्या दरम्यान असेल तर तो सौम्य, ३२ ते २८ अंशांपर्यंत मध्यम आणि त्याखाली तीव्र मानला जातो. आरंभी कुत्रा जोरजोरात कुडकुडतो. स्नायूंच्या या हालचालीतून शरीर उष्णता निर्माण करीत असते. पुढे कुडकुडणे मंदावते आणि थांबते. कुत्र्याला बरे वाटू लागले, असा समज येथेच होतो आणि तो घातक ठरतो. कुडकुडणे थांबूनही कुत्रा सुस्त असेल, तर शरीराचा शेवटचा बचाव संपत आल्याचे ते लक्षण आहे.

त्याआधीची लक्षणे अधिक फसवी असतात. नेहमी सरळ रेषेत जाणारा कुत्रा भरकटतो. डोळ्यांसमोर पडलेला पक्षी त्याला सापडत नाही. शिटीला तो प्रतिसाद देत नाही, काठावर चढताना मागचे पाय अडखळतात, पक्षी तोंडातून निसटतो. अननुभवी मालकाला ही अवज्ञा वाटते आणि तो आवाज चढवतो. प्रत्यक्षात मेंदू आणि स्नायू थंडीने मंदावलेले असतात. एरवी आज्ञाधारक असलेला कुत्रा थंडीत अचानक चुकू लागला, तर त्याला रागावण्याआधी शिकार थांबवून त्याचे तापमान पाहणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय. हिरड्या फिकट पडल्या असतील तर संशयाला जागाच उरत नाही.

कान, शेपूट आणि पंजे

शरीर गारठू लागले की हृदय आणि मेंदू वाचवण्यासाठी टोकाच्या अवयवांकडे जाणारा रक्तप्रवाह कमी केला जातो. त्यामुळे कानांची टोके, शेपटीचे टोक, पंजे आणि नराचे वृषण यांना हिमदंश होतो. गोठलेली त्वचा आधी फिकट, करडी वा निळसर आणि स्पर्शाला थंड व टणक लागते. ऊब मिळाल्यावर ती लाल होते, सुजते आणि तीव्र वेदना होतात. इजा किती खोल आहे हे काही दिवसांनी, मृत भाग काळा पडू लागल्यावरच स्पष्ट होते. केसांमुळे हा बदल सहजी दिसत नाही. म्हणून दिवसाच्या अखेरीस हाताने चाचपून पाहणे आवश्यक ठरते.

अनवाणी पंजे बर्फावर लगेच का गोठत नाहीत, या प्रश्नावर जपानमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रकाश टाकला. तळव्याच्या गादीकडे जाणाऱ्या धमन्या आणि तेथून परतणाऱ्या शिरा एकमेकींना अगदी बिलगून असतात. जाणारे उबदार रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच ऊब देते. त्यामुळे गादी गोठत नाही आणि थंड रक्त तसेच हृदयाकडे परतत नाही. निसर्गाची ही योजना थंडीपासून संरक्षण देते, जखमांपासून नाही. बर्फाच्या कडक पापुद्र्याची धार, कापणी झालेल्या मक्याचे खुंट आणि गोठलेली ढेकळे यांनी गादी चिरते. बोटांमधील केसांवर बर्फाच्या गोळ्या धरतात, त्या बोटे फाकवतात आणि तेथील नाजूक त्वचा सोलतात. ते केस हंगामापूर्वी कातरणे, पंजांना मेणयुक्त मलम लावणे आणि दर विश्रांतीत बोटांमध्ये पाहणे, हे उपाय साधे आहेत. अलास्कातील इडिटारोड या प्रसिद्ध स्लेज शर्यतीत प्रत्येक कुत्र्यासाठी आठ पायमोजे बाळगण्याचा नियम आहे. पायमोजे मात्र घट्ट बांधल्यास रक्तप्रवाह अडतो आणि हिमदंशाला निमंत्रण मिळते.

शेपटीची एक निराळी तक्रार थंड पाण्यात काम करणाऱ्या कुत्र्यांत आढळते. दिवसभर पोहलेल्या कुत्र्याची शेपूट दुसऱ्या दिवशी मुळापासून लुळी पडते, हात लावताच तो कळवळतो आणि मालकाला हाड मोडल्याची भीती वाटते. शेपटीच्या स्नायूंना पोहोचलेली ही इजा असते. एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पोहणाऱ्या, कामावर असणाऱ्या आणि अधिक उत्तरेकडे राहणाऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये ही तक्रार जास्त दिसल्याचे नमूद आहे. बहुतेक कुत्री काही दिवसांच्या विश्रांतीने बरी होतात.

पोटातील इंधन

थंडीत धावणाऱ्या शरीराला इंधन जास्त लागते. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत स्लेज ओढणारे कुत्रे दिवसाला १०,००० किलोकॅलरी वा त्याहून अधिक ऊर्जा खर्च करते. शिकारी कुत्र्याचा खर्च तेवढा नसला तरी रोजचा आहार त्याला पुरत नाही आणि वाढीव आहारात स्निग्ध पदार्थांचे प्रमाण अधिक असावे लागते. मात्र कामाच्या तोंडावर भरपेट जेवण दिल्यास जठराला पीळ पडण्याचा जीवघेणा धोका संभवतो. त्यामुळे मुख्य जेवण आदल्या सायंकाळी आणि दिवसभरात थोडे थोडे खाणे, ही पद्धत योग्य ठरते. सडपातळ आणि अतिउत्साही कुत्र्यांच्या रक्तातील साखर अचानक घटते. ती लडखडतात, प्रसंगी त्यांना झटके येतात. शुद्धीवर असलेल्या कुत्र्याच्या हिरड्यांवर मध चोळल्यास तात्पुरता आधार मिळतो. पाण्याकडेही दुर्लक्ष होता कामा नये. बर्फ खाऊन तहान पुरेशी भागत नाही, उलट तो वितळवण्यात शरीराची ऊब खर्च होते.

साधने आणि प्रथमोपचार

पाण्यात उतरणाऱ्या कुत्र्यासाठी निओप्रिन या रबरसदृश कापडाचे जाकीट मिळते. ते छाती आणि पोट झाकते व पोहताना तरंगण्यास मदत करते. ते सैल असेल तर आत पाणी खेळत राहते आणि फांद्यांत अडकण्याची भीती असते. फार घट्ट असेल तर बगलेत कातडी सोलते. दोन फेऱ्यांच्या दरम्यान कुत्र्याला पाण्यात वा चिखलात बसू न देता उंच फळीवर बसवणे, वाऱ्याला आडोसा करणे आणि टॉवेलने पुसणे, याचा उपयोग जाकिटाइतकाच होतो. परतताना जाकीट काढून अंग कोरडे करावे लागते. ओला कुत्रा उघड्या गाडीतील पिंजऱ्यात तासभर प्रवास करीत असेल, तर शिकार संपल्यानंतर त्याचे तापमान उतरू लागते. हंगामात वारंवार साबणाने आंघोळ घालणेही टाळावे, कारण त्याने केसांचे नैसर्गिक तेल धुतले जाते.

बर्फाबाबत सावधगिरीला पर्याय नाही. पायी चालणाऱ्या माणसासाठी मिनेसोटात किमान ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा नितळ व टणक बर्फ सुरक्षित मानला जातो. वाहत्या पाण्यावरील बर्फाचा भरवसा मात्र कधीच धरता येत नाही. पातळ बर्फापलीकडे पडलेल्या पक्ष्यासाठी कुत्र्याला धाडू नये आणि कुत्रा बर्फातून खाली गेल्यास स्वतः त्यामागे न जाता मदत बोलवावी, असा तेथील यंत्रणांचा सल्ला असतो.

गारठलेल्या कुत्र्याला प्रथम वाऱ्यातून आत आणून कोरडे करावे. टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या छाती-पोटाशी ठेवाव्यात. पाय आधी तापवल्यास तेथील थंड रक्त हृदयाकडे धावते, म्हणून ऊब धडाला द्यायची. गारठलेले हृदय नाजूक झालेले असते, तेव्हा जोरात हलवणे वा चालवणे टाळावे. हिमदंश झालेला भाग चोळू नये, त्यावर बर्फ लावू नये आणि केस वाळवण्याचे यंत्रही वापरू नये. तो भाग ४० ते ४२ अंशांच्या कोमट पाण्यात भिजवणे योग्य, पण पुन्हा गोठण्याची शक्यता उरली नसेल तेव्हाच. माणसांची वेदनाशामके कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. पशुवैद्याकडे नेणे सर्वच बाबतींत अपरिहार्य होय.

१९४० चा धडा

हवामान किती झपाट्याने बदलते, याचे उदाहरण मिसिसिपीच्या याच पट्ट्यात आजही सांगितले जाते. ११ नोव्हेंबर १९४० ची सकाळ हंगामाच्या मानाने उबदार होती. सुटीचा दिवस असल्याने असंख्य शिकारी साध्या कपड्यांनिशी नदीतील बेटांवर गेले. वादळाच्या पुढे पळणाऱ्या बदकांनी आकाश भरून गेले आणि अशी शिकार पुन्हा मिळणार नाही म्हणून अनेकजण थांबून राहिले. काही तासांत पारा झपाट्याने खाली आला, हिमवादळाने होड्यांची वाट बंद केली. एकट्या मिनेसोटात ४९ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांतील सुमारे निम्मे बदकांचे शिकारी होते. परतण्याचा निर्णय स्वतःसाठीसुद्धा वेळेवर घेणे माणसाला किती कठीण जाते, हे त्या दिवसाने दाखवून दिले.

महाराष्ट्रात हा विषय या स्वरूपात उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर येथे शिकारीला मज्जाव झाला. शिवाय दख्खनचा कारवानी हाउंड हा शिकारी कुत्रा उष्ण, मोकळ्या माळरानासाठी घडलेला, आखूड केसांचा आणि सडपातळ आहे. मात्र उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि कुत्रा पाळणाऱ्या मराठी कुटुंबांना यातील बरेच नियम जसेच्या तसे लागू पडतात. तेथे पहाटेच्या फेरफटक्यात पंजांना बर्फाबरोबरच रस्त्यावरील मीठही लागते. ते कोमट पाण्याने धुवावे लागते. वाहनांतील अँटीफ्रीझ हे द्रव्य चवीला गोड असते आणि त्याचे काही चमचेही कुत्र्याच्या मूत्रपिंडाचा घात करतात.

जाकीट, मलम, पायमोजे ही साधने कुत्र्याला थंडीत आणखी काही वेळ टिकवतात; त्याची मर्यादा नाहीशी करीत नाहीत. थरथरणारा, भिजलेला कुत्रा पुढच्या बारालाही तितक्याच तत्परतेने पाण्यात उडी घेईल. ती उडी त्याने घ्यावी की नाही, याचा विचार बार काढण्यापूर्वी मालकाने करायचा असतो.