‘सस’: नजरेतून कायद्यात गेलेला शब्द

२०२०च्या टाळेबंदीत घरोघरची मुलं मोबाइलवर ‘अमंग अस’ खेळत होती. अंतराळयानातले खलाशी, त्यांच्यातच दडलेला एखादा घातकी, आणि तो कोण हे ठरवायला रंगणारा वाद. कुणाची शंका आली की मुलं तीनच इंग्रजी अक्षरं टाइप करत: ‘सस’. खेळ २०१८चा, शब्द मात्र पुष्कळ जुना. लंडनमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या एका पिढीला तो पोलिसांमुळे माहीत झाला.

‘सस्पेक्ट’, ‘सस्पिशन’ यांचं हे आखूड रूप. मूळ लॅटिन क्रियापद ‘सुस्पिकेरे’, म्हणजे खालून वर पाहणं. आदराने मान वर करून पाहणं हाही त्याचा एक अर्थ होता. पापणी न उचलता चोरून पाहणं हा दुसरा. फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत रुजला तो दुसराच. यातला ‘पाहणं’ दाखवणारा धातू आपल्याला परका नाही. संस्कृत ‘पश्यति’ त्याच कुळातलं, आणि हेराला ‘स्पश’ म्हणतात तेही. ऋग्वेदात वरुणाच्या भोवती त्याचे स्पश बसलेले आहेत. कवी माघाने शिशुपालवधाच्या दुसऱ्या सर्गात यावर फार सुंदर श्लेष साधला आहे: महाभाष्यातल्या ‘पस्पशा’ या पहिल्या प्रकरणाविना व्याकरण शोभत नाही, तशी स्पशांविना राजनीती.

या कुळातल्या शब्दांत सगळा भार पाहणाऱ्यावर आहे. ज्याच्याकडे पाहिलं त्याने काही केलं की नाही, याबद्दल शब्द काहीच सांगत नाही. बोलण्यात हे चालून जातं. कायद्यात त्याने माणसं तुरुंगात गेली.

नेपोलियनशी झालेली युद्धं संपली आणि इंग्लंडचे रस्ते बेकार सैनिकांनी, भिकाऱ्यांनी भरले. १८२४ साली तिथे भटक्यांविरुद्धचा कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमात ‘संशयित इसम किंवा चोर म्हणून ख्यात असलेला इसम’ गुन्ह्याच्या इराद्याने रस्त्यात रेंगाळला, तर शिक्षेची तरतूद होती. चोरी व्हायला नको, फिर्यादी नको, ज्यूरीही नाही. दोन पोलिसांची साक्ष बहुधा पुरे व्हायची. कुणी मोटारींच्या दारांना हात लावून पाहत होता, एवढं त्या दोघांनी सांगितलं की काम भागे. दीडशे वर्षांनी, १९७०च्या दशकात, लंडनच्या पोलिसांनी हेच कलम कृष्णवर्णीय तरुणांवर सर्रास वापरलं. लोक त्याला ‘सस’ म्हणू लागले.

त्याविरुद्ध आधी उभ्या राहिल्या त्या आया. लुइशम भागात मेव्हिस बेस्ट आणि त्यांच्या सोबतिणी पोलिस ठाण्यांत जाऊन मुलांना सोडवून आणत. त्यांची ‘स्क्रॅप सस’ मोहीम वाढत वाढत संसदेपर्यंत पोचली. इतिहासाच्या पुस्तकांत दंगलींना पानंच्या पानं मिळतात आणि या बायकांना जेमतेम ओळ, हे मला अन्यायाचं वाटतं.

एप्रिल १९८१मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात पोलिसांनी ‘स्वॉम्प ८१’ ही मोहीम काढली. थोड्याच दिवसांत ९४३ जणांना रस्त्यात अडवलं गेलं. झडतीचा हा अधिकार दुसऱ्या कायद्यातला होता, पण आधार तोच, संशय. १० ते १२ एप्रिल ब्रिक्स्टन पेटलं. दंगलीची चौकशी न्यायाधीश लॉर्ड स्कारमन यांच्याकडे गेली. ‘सस’ रद्द करावा अशी शिफारस संसदीय समितीने आदल्याच वर्षी केली होती. त्या उन्हाळ्यात नवा कायदा येऊन १८२४च्या कलमातले ते शब्द १५७ वर्षांनी गळाले.

आपल्याकडे मात्र ते राहिले. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, पारधी-कैकाड्यांना सोलापूरच्या तारेच्या कुंपणात कोंडलं. तो कायदा १९५२ साली गेला. पण १९५१च्या मुंबई पोलिस कायद्याचं, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलिस कायद्याचं, १२२वं कलम वाचावं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात ‘चोर म्हणून ख्यात असलेला’ माणूस रस्त्यात रेंगाळताना सापडला आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तो गुन्हा आहे. लंडनच्या कलमातलीच ही शब्दयोजना. ख्याती कुणी ठरवायची, समाधान कुणाचं व्हायचं? पालावर राहणाऱ्या माणसाला रात्री रस्त्यावर असण्याचा खुलासा मागणारं हे वाक्य विधिमंडळाने काढून टाकावं.