टायरवरचे चार आकडे

सकाळी ६
जाम चौरस्त्यावर दुकानाचं शटर वर करतो, कॉम्प्रेसर सुरू करतो. नागपूरकडून आलेला रस्ता इथे फुटतो. एक हिंगणघाटवरून हैदराबादला, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरला. हवेचं खरं माप याच वेळी मिळतं, कारण टायर अजून थंड असतात.

सकाळी १०
एक निवृत्त गुरुजी कार घेऊन आले. "हवा तेवढी पाहून दे गा. नागपूरला जायचं आहे."
मागच्या टायरची बाजू अंगठ्याने दाबली, तर केसाएवढ्या बारीक भेगा उघडल्या.
"गुरुजी, टायर बदला."
"नक्षी तं पूर्ण आहे ना! गाडी पोर्चमध्येच उभी असते."
मी गुडघ्यावर बसून फडक्याने धूळ पुसली. डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी आकडे होते : २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीचंही रबर ऊन आणि हवेने कडक होत जातं. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासायचा आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही असली तरी काढायचा.
"मग स्टेपनी लावून दे."
डिकीतली स्टेपनी कोरी करकरीत दिसत होती. आकडे तेच, २३१४. गुरुजी गप्प झाले. मग म्हणाले, "पाचही बदल."

दुपारी २
मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. ड्रायव्हर म्हणतात, टायर तापला, थोडी हवा सोड. मी सोडत नाही. हवा कमी झाली की टायरच्या बाजू जास्त दबतात, दबून अजून तापतात. जुन्या टायरमध्ये मग रबर आणि आतल्या तारा एकमेकांपासून सुटतात आणि भर वेगात टायर फुटतो. तसं झालं तर करकचून ब्रेक मारू नका. स्टेअरिंग घट्ट धरा, रेसवरचा पाय काढा, गाडी आपोआप मंदावू द्या.

संध्याकाळी ६
लग्नाहून परतणारी गाडी. टायर पार गोटा झालेले. खाचांमध्ये रबराच्या छोट्या पट्ट्या असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली, की १.६ मिलिमीटरच उरली समजा. कारसाठी कायद्याची हद्द तीच. त्याखाली गेलेला टायर पहिल्या पावसात रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो. गाडीत तीन लेकरं झोपलेली. ड्रायव्हरला खाली बोलावून त्या पट्ट्यांवरून त्याचंच बोट फिरवलं.

रात्री ९
शटर ओढण्याआधी एक काम उरतं. गुरुजींचे पाच टायर जुन्या बाजारात चांगले पैसे देऊन जातील. वरून पाहणाऱ्याला ते नवेच वाटतील. मी पातं घेऊन एकेकाची बाजू आरपार कापतो. यांच्यावर आता कुणाचीही गाडी चालणार नाही.