आजारी पडल्यावर ते कुठे दाखल झाले?

दहावीच्या निकालानंतर एक पालक शाळेत भेटायला आले. त्यांच्या मुलीला चांगले गुण मिळाले होते. अकरावी-बारावी सायन्स करून तिला नर्सिंगला जायचे होते आणि घरात त्यावरून आठवडाभर वाद चालला होता. खुर्चीवर बसता बसताच ते म्हणाले, "मॅडम, डॉक्टर बनी तो बनी, नर्स नक्को."

मी कारण विचारले. रात्रपाळी, परक्या माणसांची सेवा, लग्नाच्या वेळी लोकांचे बोलणे ही नेहमीची कारणे त्यांनी सांगितली. मग जरा थांबून म्हणाले, "आणि खरं सांगू का, दवाखान्यात नर्सला विचारतं कोण? सगळं काम तिचं आणि हुकूम दुसऱ्याचा."

पहिल्या तीन कारणांना माझ्याकडे उत्तरे होती. चौथ्यावर मी अडले. एक तर मला स्वतःची लाज वाटली. बारा-तेरा वर्षांपूर्वी अशाच एका हुशार मुलीला मीच म्हटले होते, "इतके छान मार्क आहेत, नर्सिंग कशाला करतेस? डी.एड. कर." तिने ऐकले. पुढे शिक्षक भरती रखडत गेली आणि ती मुलगी आज घरी बसून आहे. दुसरे असे की, त्या पालकांचे म्हणणे मी डोळ्यांनी पाहिले होते. आपल्याच लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या एका दवाखान्याच्या वार्षिक सभेला मी गेले होते. व्यासपीठावर विश्वस्त, देणगीदार आणि डॉक्टर बसले होते. तो दवाखाना सकाळपासून रात्रीपर्यंत ज्या दोन नर्स सांभाळतात, त्या मागच्या बाजूला चहाचे कप मोजत उभ्या होत्या. औषधे का संपतात, बायका तपासणीला का येत नाहीत यावर तासभर चर्चा झाली. त्या दोघींना कोणी एक प्रश्न विचारला नाही. खरे सांगायचे तर मीही विचारला नाही.

पण हे असेच असायला हवे असे कुठे लिहिलेले नाही. दवाखाना चालवणाऱ्याने मनावर घेतले तर चित्र बदलते. पन्नास वर्षे हे करून दाखवणारा एक माणूस आपल्या शेजारच्या देशात होऊन गेला. त्यांचे नाव डॉ. जफरुल्ला चौधुरी.

लंडन सोडून बांबूच्या इस्पितळात

डॉ. चौधुरी यांचा जन्म १९४१ साली चितगाव जिल्ह्यातील रावजान येथे झाला. १९६४ साली ढाका मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि शस्त्रक्रियेच्या पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. एफ.आर.सी.एस. ही पदवी हाताशी आली होती. ती मिळाली असती तर लंडनमध्ये किंवा ढाक्यात पैशाला आणि मानाला तोटा नव्हता. १९७१ च्या मार्चमध्ये पूर्व पाकिस्तानात युद्ध पेटले. अभ्यास अर्धवट टाकून ते आणि त्यांचे सहकारी डॉ. एम. ए. मोबिन भारताच्या सीमेवर, त्रिपुरात येऊन पोहोचले.

तिथे बांबू आणि गवताच्या छपराखाली ४८० खाटांचे इस्पितळ उभे राहिले. जखमी मुक्तियोद्धे येत होते, निर्वासित येत होते. डॉक्टर थोडेफार होते, पण शिकलेल्या नर्स मिळत नव्हत्या. मग निर्वासितांमधल्या मुली आणि बायका पुढे आल्या. प्रसिद्ध कवयित्री सुफिया कमाल यांच्या मुली सुलताना आणि सईदा याही त्यांत होत्या. त्यांपैकी बहुतेकींनी आयुष्यात कधी पट्टी बांधली नव्हती. थोड्या दिवसांच्या शिकवणीनंतर त्या जखमा धुऊ लागल्या, सलाइन लावू लागल्या, रात्र रात्र जागू लागल्या. इस्पितळाची जबाबदारीही एका स्त्रीकडे होती, कॅप्टन डॉ. सितारा बेगम यांच्याकडे. पुढे त्यांना 'वीर प्रतीक' हा लष्करी सन्मान मिळाला.

युद्ध संपल्यावर बरेच जण आपापल्या मार्गाला लागले. डॉ. चौधुरी मात्र त्या मुलींचे हात विसरले नाहीत. काही दिवसांच्या शिकवणीवर त्या एवढे करू शकल्या, तर गावातल्या मुलींना नीट शिकवले तर काय होईल, हा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर चालवला.

सायकलवरच्या मुली

१९७२ साली ढाक्याजवळच्या सावर येथे तंबू ठोकून 'गणस्वास्थ्य केंद्र' सुरू झाले. देश नवा, घरे उद्ध्वस्त, तिजोरी रिकामी. डॉक्टर शहरात राहत होते आणि आजार खेड्यात. तेव्हा केंद्राने आसपासच्या गावांतल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या मुली निवडल्या. त्यांना गरोदर बायकांची तपासणी, लसीकरण, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, कोणता रोगी इस्पितळात पाठवायचा हे सगळे शिकवले. आणि घरोघर जाण्यासाठी त्यांना सायकल शिकवली.

सत्तरच्या दशकातल्या बंगालच्या खेड्यात साडी नेसलेली मुलगी सायकलवरून जाते, हे दृश्य लोकांना पचणारे नव्हते. टोमणे झाले, टीका झाली. पण ज्या घरात मूल जुलाबाने मरायला टेकले होते आणि त्या मुलीने ते वाचवले, त्या घराने तिची सायकल दाराशी उभी करून घेतली. ज्या बायका पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडत नव्हत्या, त्या या मुलींशी मोकळ्या बोलू लागल्या. परदा पाळणाऱ्या घरात आरोग्यसेवा आतपर्यंत न्यायची तर ती स्त्रीच नेऊ शकते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

डॉ. चौधुरी आणखी पुढे गेले. या आरोग्यसेविकांना त्यांनी स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही शिकवली. १९७५ साली 'लान्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यावरचा अहवाल आला, तेव्हा डॉक्टर मंडळी चकित झाली. कुटुंबनियोजनाबद्दल आपल्या घरांत मतभेद आहेत आणि तो वाद मी इथे काढत नाही. मला दिसते ते एवढेच की, एका निष्णात सर्जनने आपल्या हातातले हत्यार खेड्यातल्या मुलीच्या हातात दिले, तिच्याजवळ उभे राहून शिकवले आणि मग बाजूला झाले. बाजूला होणे फार थोड्यांना जमते.

हे सारे सुखाने झाले नाही. खेड्यातल्या ज्यांची दुकानदारी बुडत होती त्यांना हे काम खुपत होते. १९७६ साली केंद्राच्या एका तरुण आरोग्यसेवकाचा खून झाला. केंद्र बंद पडले नाही.

केंद्रात नियम सगळ्यांना सारखे होते. सुरुवातीच्या वर्षांत सकाळी डॉक्टर, सेविका, स्वयंपाकी सगळेच शेतात उतरून काम करत आणि त्यात डॉ. चौधुरीही असत. धूम्रपान करणाऱ्याला तिथे नोकरी मिळत नसे. आरोग्य विम्याची वर्गणी ऐपतीप्रमाणे ठरलेली होती. सर्वांत गरीब कुटुंबाने सर्वांत कमी द्यायचे, सधन कुटुंबाने जास्त. उपचार मात्र दोघांना तेच.

औषधांसाठी झगडा

सेविका घरोघर गेल्या, पण चिठ्ठीवरचे औषध घ्यायला लोकांकडे पैसे नव्हते. बाजारात टॉनिके, पाचके आणि नको त्या मिश्रणांच्या बाटल्या भरपूर होत्या आणि खरे लागणारे औषध महाग होते. म्हणून १९८१ साली केंद्राने स्वतःचा औषध कारखाना सुरू केला. तिथेही यंत्रांवर मोठ्या संख्येने स्त्रिया होत्या. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, बांगलादेश सरकारने नवे औषध धोरण आणले. प्रा. नुरुल इस्लाम यांच्या अध्यक्षतेखालच्या ज्या समितीने ते तयार केले, तिच्यात डॉ. चौधुरी होते. निरुपयोगी किंवा घातक म्हणून सुमारे सतराशे औषधे बाजारातून काढायचे ठरले आणि १५० अत्यावश्यक औषधांची यादी झाली. मोठ्या परदेशी कंपन्यांनी आकाशपाताळ एक केले, परदेशी सरकारांकडून दबाव आला. तरी धोरण टिकले. आज बांगलादेश आपल्या गरजेची बहुतेक औषधे स्वतः बनवतो आणि बाहेरही विकतो.

इथे एक गोष्ट लपवायला नको. हे धोरण आले तेव्हा देशात जनरल इर्शाद यांची लष्करी राजवट होती. हुकूमशहाच्या सरकारला डॉ. चौधुरींनी साथ दिली, असा आरोप त्यांच्यावर तेव्हा झाला आणि नंतरही होत राहिला. त्यांच्याच व्यवसायातले अनेक डॉक्टर त्यांच्या विरोधात गेले. आरोप करणाऱ्यांत प्रामाणिक माणसेही होती. मला वाटते, मोठ्या माणसाकडे असेच पाहावे. त्याला पीर करू नये आणि एका निर्णयावरून त्याचे सगळे काम मोडीतही काढू नये.

शेवटची खाट

त्यांना १९८५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट पुरस्कारांच्या यादीत सापडत नाही.

उतारवयात त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि डायलिसिस सुरू झाले. आपल्या उपखंडातले पुढारी अशा वेळी काय करतात ते आपण पाहतो. गरिबांच्या दवाखान्याची फीत कापतात आणि स्वतःला साधा ताप आला तरी परदेशी विमान पकडतात. डॉ. चौधुरींच्या केंद्राने २०१७ साली ढाक्यात धानमंडी येथे शंभर खाटांचे डायलिसिस केंद्र उघडले. रिक्षावाल्याला, शिलाई कामगाराला परवडावे असा त्यामागचा हेतू होता. डॉ. चौधुरी स्वतःही डायलिसिस आपल्याच इस्पितळात घेत. २०२० मध्ये त्यांना कोरोना झाला, तेव्हाही ते तिथेच दाखल झाले. ११ एप्रिल २०२३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्याच इस्पितळात त्यांचे निधन झाले. त्यांची कबर सावर येथे, केंद्राच्या आवारात आहे.

रुफैदा (रजि.) यांचा तंबू

डॉ. चौधुरी धार्मिक भाषेत बोलणारे गृहस्थ नव्हते. तरी त्यांच्या बांबूच्या इस्पितळाबद्दल वाचताना मला मदीनेतला एक तंबू आठवतो. खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मस्जिदे नबवीतल्या ज्या तंबूत ठेवायला सांगितले, तिथे जखमींची शुश्रूषा रुफैदा (रजि.) ही अन्सारी स्त्री करत असे. सीरतच्या ग्रंथांत तिचे नाव आहे. प्रेषितांच्या मशिदीत ज्या कामाला जागा मिळाली, ते काम आपल्या मुलींसाठी हलके कधीपासून झाले? हा प्रश्न मी त्या पालकांनाही विचारला. ते काही बोलले नाहीत, पण पहिल्यांदाच त्यांनी मुलीकडे नीट पाहिले.

आणि हे फक्त सीमेपलीकडचेही नाही. आपल्या जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या, अनेकदा निरक्षर आणि दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. कोरोनात आपल्या दारावर आलेल्या आशाताईही आपल्याला आठवतच असतील.

आपल्या मोहल्ल्यात

आज आपल्या वस्त्यांत जमातींचे, ट्रस्टचे दवाखाने आहेत, रुग्णवाहिका आहेत. जकात आणि सदक्याचे पैसे त्यात जातात. हे मोठे काम आहे आणि करणाऱ्यांची नियत चांगली आहे. पण डॉ. चौधुरींकडे पाहून दोन साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. आपल्या कमिटीत दवाखान्यात रोज राबणारी एखादी नर्स किंवा रुग्ण बायकांपैकी कोणी आहे का? आणि आपण विश्वस्त स्वतः आजारी पडलो तर याच दवाखान्याच्या खाटेवर झोपू का? दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर खाटेत काय कमी आहे ते शोधावे. ते बहुधा नर्सला आधीच माहीत असते.

त्या पालकांनी अजून होकार दिलेला नाही. मुलीने अकरावी सायन्सला प्रवेश घेतला आहे, म्हणजे दोन वर्षे हातात आहेत. जाताना त्यांनी विचारले, "नर्सिंगच्या हॉस्टेलवर मुलींची जबाबदारी कोणाकडं असते?" नकार देणारा माणूस हॉस्टेलची चौकशी करत नाही, असे मी मनात म्हटले आणि आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीशी, जी आता सरकारी इस्पितळात परिचारिका आहे, त्यांची गाठ घालून दिली.

त्या दवाखान्याच्या कमिटीला मी एक अर्जही दिला आहे. पुढच्या सभेत त्या दोन नर्सना व्यासपीठावर खुर्ची द्यावी आणि त्यांना बोलू द्यावे, एवढीच विनंती त्यात आहे. उत्तर आलेले नाही. सभा रमजान ईदनंतर आहे. मी जाणार आहे, आणि या वेळी प्रश्न विचारणार आहे.