छिंगहाव : हिवतापावरील चिनी वनस्पति

औषधी वनस्पतींची लागवड केली असतां थोड्या जमिनींत पुष्कळ पैसा मिळतो, असें सांगणारे लोक अलीकडे गांवोगांव भेटतात. त्यांच्या यादींत ‘आर्टेमिसिया’ हें नांव बहुधा असतें. ही वनस्पति चीन देशांत पुरातन काळापासून औषधी म्हणून प्रसिद्ध असून तिकडे तिला छिंगहाव म्हणतात. तिची योग्यता खरोखर मोठी आहे; परंतु ती कशांत आहे व कशांत नाहीं, हें समजून घेतल्यावांचून कोणीही बीं विकत घेऊं नये, एवढ्याच हेतूनें पुढील माहिती देत आहों.

जोतिबाच्या चैत्रयात्रेंत वाहिला जाणारा आपला दवणा हा छिंगहावचा भाऊबंदच होय. छिंगहावचें झाड मात्र दवण्याहून पुष्कळ उंच, पुरुषभर किंवा त्याहूनही अधिक वाढतें. पानें गाजराच्या पानांप्रमाणें बारीक चिरलेलीं, वास उग्र, आणि फुलें पिवळीं व मोहरीच्या दाण्याएवढालीं असतात. एका वर्षांत झाड उगवून, फुलून मरतें.

चौथ्या शतकांत गे होंग नांवाच्या चिनी पंडितानें थंडी वाजून येणाऱ्या तापावर ही वनस्पति सांगितली आहे. त्यांत विशेष हें कीं, तिचा काढा करावयास न सांगतां, मूठभर पाला पाण्यांत भिजवून व पिळून तो रस प्यावा, असें त्यानें लिहिलें. हें बारीकसें विधान सोळाशें वर्षांनीं उपयोगास आलें. व्हिएतनामच्या युद्धांत सैनिक हिवतापानें हैराण झाले व क्लोरोक्वीनला ताप दाद देईना, तेव्हां 23 मे 1967 रोजीं चीन सरकारनें एक गुप्त संशोधनकार्य काढलें; तारखेवरून त्यास ‘योजना 523’ हें नांव पडलें. 1969 सालीं टू यूयू या विदुषी त्यांत सामील झाल्या. छिंगहावच्या अर्काचा गुण कधीं येई, कधीं येत नसे. गे होंगचा मजकूर पाहून बाईंच्या ध्यानीं आलें कीं, औषधी अंश उष्णतेनें नासत असावा. त्यांनीं कमी उष्णतेवर ईथरनें अर्क काढला, आणि 1971 च्या ऑक्टोबरांत तो उंदरांच्या हिवतापावर पुरता लागू पडला. पुढील वर्षीं बाईंनीं व सहकाऱ्यांनीं तो प्रथम स्वतः घेऊन पाहिला, व त्याच वर्षीं शुद्ध स्फटिक हातीं आले. त्यांस आज आर्टेमिसिनिन म्हणतात. 2015 सालीं टू यूयू यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां उपयोगाविषयीं. हें द्रव्य शरीरांत फार थोडे तास टिकतें. म्हणून त्याच्यापासून केलेलें औषध एकटें न देतां दुसऱ्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाच्या जोडीनें देतात. घरीं पाल्याचा चहा केल्यास त्यांत द्रव्य किती उतरलें हें कळत नाहीं. ताप तात्पुरता उतरतो, जंतु पुरते मरत नाहींत, आणि जे उरतात ते औषधास निर्ढावण्याचा धोका असतो. पश्चिम कंबोडियांत असे निर्ढावलेले जंतु 2008 च्या सुमारास आढळून आले आहेत. यासाठीं जागतिक आरोग्य संघटना पाल्याच्या चहास वा पुडीस मान्यता देत नाहीं. मग दवण्याच्या काढ्यास हिवतापाचें औषध समजणें तर सर्वथा चूक. गडचिरोलीसारख्या रानटापूंत ताप येतांच रक्त तपासून सरकारी दवाखान्यांतील गोळ्या पूर्ण संपवाव्या, हाच मार्ग होय.

लागवडीची मुख्य अडचण दिवसाच्या लांबीची आहे. बीं इतकें बारीक कीं एका ग्रॅमांत दहा हजारांवर दाणे भरतात. तें मातींत पुरूं नये, वाफ्यावर पसरून रोपें करावीं. औषधी अंश मुख्यतः पानांत असतो व कळ्या येण्याच्या सुमारास सर्वांत अधिक भरतो. काडींत जवळजवळ नसतोच. परंतु दिवस सुमारें साडेतेरा तासांहून लहान असला कीं सामान्य वाण फुलूं लागतें. पुण्यास वर्षांतील सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच. तेव्हां झाड पुरतें वाढण्यापूर्वींच फुलण्याची भीति आहे. केनिया-टांझानियांत यासाठींच उशिरां फुलणारे संकरित वाण लावावे लागले. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेनें ‘जीवनरक्षा’ हें वाण काढलें आहे. रानटी बियांपेक्षां अशा वाणाची चौकशी करावी. कारण रानटी झाडांत द्रव्य शेंकडा एक-दशांशाहूनही कमी असूं शकतें, तर सुधारलेल्या वाणांत शेंकडा एकपर्यंत जातें. म्हणजे उत्तम वाणाच्या 100 किलो वाळल्या पाल्यांत फार तर 1 किलो.

आणि भाव? 2005 सालीं औषधाची मागणी एकाएकीं वाढून आर्टेमिसिनिनचा भाव किलोस 1,000 डॉलरांवर गेला. चीन, व्हिएतनाम व पूर्व आफ्रिकेंतील शेतकऱ्यांनीं भराभर लावणी केली. 2007 पर्यंत तोच भाव 200 डॉलरांच्या आसपास घसरला व अनेकांनीं पीक सोडलें. पुढें 2011 च्या सुमारास तो पुन्हां चढला आणि पुन्हां पडला. 2013 मध्यें सानोफी कंपनीनें इटलींतील गारेस्सियो येथें यीस्टच्या साह्यानें हें द्रव्य करणारा कारखाना चालू केला. परंतु पाल्याचाच माल इतका स्वस्त झाला कीं तो कारखानाही 2016 सालीं विकला गेला. ज्या भावानें कारखानदार टिकला नाहीं, त्याचा बोजा अखेर पाला पिकविणाऱ्यावरच पडला.

ज्वारी विकली न गेली तर घरांत खातां येते. हा पाला अर्क काढणाऱ्या कारखान्यावांचून कोणी घेत नाहीं. म्हणून लेखी कराराशिवाय एक गुंठाही लावूं नये. करारांत भाव वजनावर कीं द्रव्याच्या प्रमाणावर, प्रमाण कोण व कोठें तपासणार, तपासणीचा अर्धा नमुना शेतकऱ्याजवळ राहणार कीं नाहीं, ओलाव्याची वजावट किती, आणि न फुललेला पाला ठरल्या दिवशीं उचलला न गेल्यास नुकसानी कोणाची, हीं कलमें स्पष्ट असावीं. बीं विकणाराच जर माल घेण्याचें केवळ तोंडी आश्वासन देत असेल, तर त्यास हीं कलमें कागदावर उतरवून द्यावयास सांगावें.