तुकड्यांची जुळणी आणि तिची नोंद

एखाद्या पोथीच्या शंभर प्रती घ्याव्यात, त्या सर्वांचे बारीक तुकडे करून एकत्र मिसळावेत, आणि मूळ पोथी पुन्हा जशीच्या तशी उभी करण्यास कोणास सांगावे. एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी जुळतो काय, हे पाहत पाहतच त्यास पुढे सरकावे लागेल. जीनोमची जुळणी हे याच जातीचे काम होय. सजीवाचा डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली पोथी. माणसाच्या बाबतीत तिची लांबी सुमारे 300 कोटी अक्षरे. वाचन करणारी यंत्रे ती आरंभापासून अखेरपर्यंत सलग वाचू शकत नाहीत. ती तुकडेच हाती देतात.

2000 साली मानवी जीनोमच्या सार्वजनिक प्रकल्पापुढे सुमारे 4,00,000 तुकड्यांचा ढीग पडला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील जिम केंट या संशोधक विद्यार्थ्याने थोड्याच आठवड्यांत ‘गिगअसेंब्लर’ नावाची आज्ञावली लिहिली. शंभर संगणकांच्या समूहावर ती चालवून 22 जून रोजी पहिली जुळणी सिद्ध झाली, आणि 7 जुलै रोजी ती सर्वांस विनामूल्य खुली झाली. पुढील वर्षी केंट आणि डेव्हिड हाउस्लर यांनी तुकडे कोणत्या पुराव्याच्या आधारे व कोणत्या क्रमाने लावले, हेही प्रसिद्ध केले. जुळणीइतकेच या दुसऱ्या गोष्टीचे मोल आहे.

ते का, हे समजण्यासाठी जुळणीतील मुख्य अडचण ध्यानात घ्यावयास हवी. पदात ध्रुवपद वारंवार येते. केवळ ध्रुवपदाचाच तुकडा हाती आला, तर त्यापुढे कोणते कडवे लावावे हे कळत नाही. जीनोममध्ये अशा पुनरुक्ती विपुल आहेत. त्यांच्यामुळेच मानवी जीनोमचा सुमारे 8 टक्के भाग 2022 सालापर्यंत न जुळता राहिला. आखूड तुकड्यांवर चालणाऱ्या पुष्कळ आज्ञावली प्रथम त्या तुकड्यांचे ठराविक लांबीचे शब्द पाडतात. शब्द लांब घेतला, तर काही पुनरुक्ती ओलांडता येतात. परंतु तेवढा लांब शब्द बिनचूक व पुरेशा वेळा मिळणे दुर्मिळ होते. आखूड घेतला, तर शब्द भरपूर मिळतात, पण वाटाही फुटत जातात. शब्दाची लांबी 21 धरली की 55, यावर हाती येणारी पोथी बदलते.

हे काम बहुधा सामायिक यंत्रावर चालते. पुण्याच्या ‘आयसर’मधील परम ब्रह्म किंवा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील परम प्रवेग ही अशीच यंत्रे. तेथील व्यवस्था कालव्याच्या पाळीसारखी असते. किती मेमरी, किती संगणक व किती तास हवेत, हे आधी मागावे लागते आणि रांगेत थांबावे लागते. ‘स्पेड्स’ ही प्रचलित आज्ञावली, वेगळे न सांगितल्यास, 250 गिगाबाइट मेमरीची मर्यादा धरून चालते. रांगेत 64 गिगाबाइटच मागितली असतील आणि काम त्यापलीकडे गेले, तर व्यवस्थापक यंत्रणा ते मध्येच बंद करते. उलट, भीतीपोटी गरजेच्या चौपट मागितली, तर ती मेमरी रिकामी पडून राहते आणि शेजाऱ्याची पाळी लांबते. मागील वेळी प्रत्यक्षात किती लागली याची नोंद असल्यास हे दोन्ही टळते.

नोंदीचा याहून मोठा उपयोग मात्र निराळा आहे. एखाद्या रुग्णालयातून आलेल्या रोगजंतूच्या जीनोममध्ये औषधास दाद न देणारे जनुक आहे काय, असा प्रश्न आला असे समजू. अशा जनुकांच्या दोन्ही बाजूंस पुष्कळदा पुनरुक्ती असतात, आणि जुळणी नेमकी तेथेच तुटते. जनुक सापडले नाही, एवढ्यावरून ते जंतूत नाही असे ठरत नाही. ते जंतूत असून जुळणीत हरवलेलेही असू शकते. मूळ तुकडे कोणते होते, आज्ञावलीची कोणती आवृत्ती वापरली, शब्दाची लांबी काय धरली, कोणते तुकडे सदोष म्हणून आधीच वगळले, हे लिहिलेले असेल, तर दुसरा अभ्यासक तेच काम पुन्हा करून या दोन शक्यतांचा निवाडा करू शकतो. ते लिहिलेले नसेल, तर त्या ‘नाही’ला पुराव्याची किंमत उरत नाही.

ही नोंद काम संपल्यावर आठवून लिहिण्याची नव्हे. संगणकास दिलेली संपूर्ण आज्ञा एका धारिकेत लिहून तीच रांगेत सादर करावी. आज्ञावली स्वतः जे रोजनामे मागे ठेवते, ते निकालाबरोबरच जपावेत. फसलेल्या प्रयत्नांचीही एक ओळ असावी. नंतर येणाऱ्याची पाळी त्याच वाटेवर वाया जाऊ नये. सरकारी दप्तरात निर्णयाबरोबर त्याची टिपणीही ठेवण्याची रीत जुनी आहे. जीनोमची जुळणी हाही पुराव्यावरून दिलेला निर्णयच होय. त्याची टिपणी गहाळ झाली, तर पुढच्या वाचकाला तो तपासता येत नाही.